बेडसोबत गेलेला मुकादम

मंगळवार, ४ मार्च

ठमे,

उत्तर येणार नाही असं धरूनच लिहायला बसले आहे, तेव्हा त्याचं ओझं घेऊ नकोस. 'यापुढे काही असेल तर लिहून कळव, फोन नको,' असं सहा वर्षांपूर्वी दारात उभी राहून तूच म्हणाली होतीस. म्हणून लिहून कळवते.

आई गेली त्याला आज एकोणीस दिवस झाले. तुझ्या ऑफिसात मी निरोप ठेवला होता. तिथल्या बाईंनी तुझं माझं नातं दोनदा विचारून लिहून घेतलं, म्हणजे तुला मिळाला असणार. सगळं आटोपल्यावर ठेवला, हे खरं आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आजचं कारण वेगळं आहे. मुकादम हरवला आहे.

तुला मुकादम ठाऊक नाही. तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी एक करडा बोका आपल्या जिन्यात येऊन बसायला लागला. आई भांडी घासायला लागली की ओट्याच्या टोकाला बसून बघत राहायचा, एकही भांडं नजरेतून सुटू द्यायचा नाही. 'हा बघ, कामावर लक्ष ठेवायला मुकादम आलाय,' असं आई म्हणाली आणि तेच नाव पडलं. आई अंथरुणाला खिळल्यावर त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं. तिच्यासाठी भाड्याने बेड आणला होता, दवाखान्यात असतो तसा, बटण दाबलं की डोक्याकडून वर येणारा. त्याच्या खाली मोटरची पेटी असते. ती कोमट राहते. त्या पेटीवर मुकादम दिवसभर पडून असायचा. आईचा हात खाली लोंबला की तो चाटायचा. मी हात लावला की उठून दुसऱ्या टोकाला जायचा.

मागच्या आठवड्यात सोमवारी बेड न्यायला कंपनीची व्हॅन आली. दोन माणसं होती. मी दार उघडलं, सही केली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बेड बाहेर काढताना मी बघितलं नाही. व्हॅन मागचं दार उघडं टाकून बराच वेळ खाली उभी होती, एवढं खिडकीतून दिसलं.

मुकादम नाही हे मला गुरुवारी कळलं. सोमवार ते गुरुवार. त्याच्या वाटीतलं अन्न वाळून खडखडीत झालं होतं आणि मी रोज त्या वाटीवरून पाय उचलून टाकत स्वयंपाकघरात ये-जा करत होते. वाटी दिसत होती. पण वाटीचा मांजराशी संबंध आहे हे डोक्यात येत नव्हतं.

तसं माझं बरं चाललंय. चौथ्या दिवशीच लॅबमध्ये कामावर गेले. साहेब म्हणाले, 'अजून थोडी विश्रांती घ्या.' मी म्हटलं, घरी बसून काय करू? दिवसाला दोन-तीन कवळ्या हातावेगळ्या करते. मेणात दात बसवते, चावा जुळवते, पॉलिश करते. आईची कवळीही मीच केली होती, तुला आठवत असेल. ती अजून बेसिनपाशी पेल्यात आहे. पेल्यातलं पाणी मी रोज सकाळी बदलते. का, ते विचारू नकोस. हात आपोआप जातो.

मुकादम सापडला तर कळवीन. तुला त्याचं काय, असं वाटेल. पण दुसऱ्या कुणाला लिहू?

ताई

रविवार, ९ मार्च

ठमे,

पत्ता लागला.

आधी मी जिन्यात, गच्चीवर, मागच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये शोधलं. गॅरेजवाला म्हणाला, 'मांजर तीन दिवस परत आलं नाही तर समजायचं, नवं घर केलं.' मग मला त्या उघड्या दाराची आठवण झाली आणि बेडच्या कंपनीला फोन लावला.

"तुमच्या व्हॅनमधून आमचं मांजर गेलं का?"

"बाई, ही बेडची कंपनी आहे."

"बेडखालीच असायचा तो."

"थांबा," म्हणाली ती मुलगी, आणि फोन बाजूला ठेवून कुणाला तरी म्हणाली, 'अहो, एक बाई मांजर मागतायत.' मागून हसण्याचा आवाज आला. मी थांबले. मला रागही आला नाही.

मग ड्रायव्हर फोनवर आला. तो हसत नव्हता.

"करडा? शेपटीचं टोक पांढरं?"

"हो."

"अरे देवा. तुमचा होता होय तो! आम्हाला वाटलं, त्या घरचा."

झालं होतं असं. बेड खरचटू नये म्हणून व्हॅनमध्ये मागे जाड चादरींचा ढीग असतो. हा पठ्ठ्या बेडच्या मागोमाग चढला आणि त्या ढिगात शिरला. बेड गोदामात नेला, तिथे पुसून गादीचं कव्हर बदललं आणि त्याच दुपारी त्याच व्हॅनने पुढच्या घरी रवाना केला, तिथे निकड होती म्हणून. इथून अडीच तासांचं गाव. तिथे पोचेपर्यंत याने हूं की चूं केलं नाही. बेड खोलीत लावून होतो न होतो तोच हा मोटरच्या पेटीवर जाऊन बसलेला. ड्रायव्हरला वाटलं घरचं मांजर, आणि घरच्यांना काय वाटलं ते ऐक. ड्रायव्हरने मला त्या घरचा नंबर दिला, तिथे मुलाने फोन उचलला. तो म्हणाला, "मला वाटलं बेडबरोबर येतं. आजारी माणसाला सोबत म्हणून. हल्ली काय काय निघालंय."

मी हसले. हसल्याचा आवाज मला उशिरा ऐकू आला, दुसऱ्या खोलीत कुणी हसावं तसा.

पुढच्या रविवारी आणायला जाते. आईची ती झाकणाची टोपली घेऊन.

ताई

सोमवार, १७ मार्च

ठमे,

काल जाऊन आले. टोपली रिकामीच परत आणली.

दोन बस बदलाव्या लागतात. टायरच्या दुकानावर दुसरा मजला, जिन्यात रबराचा वास. दार मुलाने उघडलं. मुलगा म्हणजे पन्नाशीचा माणूस, बसचा ड्रायव्हर, वडिलांसाठी रजा टाकून घरी बसलेला. त्याच्या शर्टाच्या खांद्यावर ओला फडका होता. पाच महिने माझ्याही खांद्यावर तसाच असायचा. मी त्या फडक्याकडेच बघत राहिले, तर तो म्हणाला, "माफ करा, आत्ताच भरवत होतो."

आत आईचा बेड होता. म्हणजे कंपनीचा बेड. उजव्या कठड्याला आईने नखाने खरवडलेली जागा तशीच होती. वर एक म्हातारे गृहस्थ, पांढरी दाढी, एक बाजू लुळी. ते बसमध्ये कंडक्टर होते. झटका आल्यावर त्यांचे सगळे शब्द गेले, एकच उरला: 'चला'. पाणी हवं तरी चला, पाठ खाजली तरी चला, राग आला तरी चला. मला बघून ते म्हणाले, "चला, चला." मुलगा म्हणाला, "या बसा म्हणतायत."

मुकादम त्यांच्या पायाशी होता. खाली पेटीवर नाही, वर, पांघरुणावर. अंगाने भरलाय. माझ्याकडे त्याने एकदा बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले. कोण ही बाई, असं.

"माझ्यावर चमचा फेकतात," मुलगा म्हणाला, "आणि याला स्वतःच्या ताटलीतलं भरवतात. डाव्या हाताने. मी रजा टाकून बसलोय आणि लाड याचे."

"माझ्या आईनेही माझ्यावर पेला फेकला होता," मी म्हटलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "एकदाच. मग रडली."

त्याने चहा केला. स्वयंपाकघरात ओट्यावर गोळ्यांचे डबे, सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा चिठ्ठ्या लावलेले. मी उभ्याउभ्याच चहा घेतला, सवयीने. आतून 'चला' आलं की तो कप ठेवून जायचा, पुन्हा यायचा, पुन्हा तोच कप उचलायचा. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "एकटेच करता सगळं?"

"धाकटा भाऊ आहे. लांब असतो."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही सांगितलं." त्याने कप विसळायला घेतला. "कशाला सांगायचं? येईल, दोन दिवस बसेल, बाबांचा हात धरून रडेल आणि मला शिकवून जाईल, हे असं करायला हवं होतं आणि ते तसं. शिवाय बाबांना तोच लाडका. तो आला की मी आहेच कोण?"

मला वाटलं, माझ्याच तोंडातलं वाक्य त्याने काढून घेतलं.

"फोन करा त्यांना," मी म्हटलं.

"तुम्ही मांजर न्यायला आलात ना?"

"हो. पण फोन करा. आजच करा."

"बाई, तुम्हाला काय करायचंय?" तो आवाज न चढवता म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. मला काय करायचं होतं?

मग मी मुकादमला उचलायला गेले. त्याने माझ्या मनगटावर चार रेघा ओढल्या आणि बेडखाली गेला. म्हातारे कठडा हलवून ओरडायला लागले, "चला! चला! चला!" आणि मुलाने या वेळी त्याचा अर्थ सांगितला नाही. मी टोपलीचं झाकण लावलं, म्हटलं, राहू दे काही दिवस, आणि जिना उतरले.

बसमध्ये मनगट ठणकत होतं. बरं वाटलं. गेल्या महिन्याभरात मला कुठे काही दुखलंच नव्हतं.

ताई

गुरुवार, २० मार्च

ठमे,

'त्याबद्दल पुन्हा कधीतरी' असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते आज लिहिते. सुट्टीच्या वेळेत लॅबमध्येच बसून लिहिते आहे, घरी गेले तर लिहिणार नाही.

ऑक्टोबरात मी तुला कार्ड टाकलं होतं: 'आई बरी आहे. तिचा मोबाईल बिघडला आहे, दुरुस्तीला दिला आहे.' यात दोन्ही गोष्टी खोट्या. आई सप्टेंबरातच पडली होती. मोबाईल बिघडला नव्हता. बादलीत पडला होता खरा, पण सुकवल्यावर दुसऱ्या दिवशी सुरू झाला. मी तो बंद करून माझ्या कपाटात ठेवला. आईला सांगितलं, दुरुस्तीला टाकलाय. पाच महिने तो दुरुस्तीलाच होता.

का ठेवला, हे मी स्वतःला बऱ्याच प्रकारे सांगून पाहिलं. तुझा फोन आला की आई नंतर दिवसभर अस्वस्थ राहते, हे एक. तुला रजा मिळणार नाही, उगाच जिवाला घोर, हे दुसरं. त्या बसड्रायव्हरने ओट्यापाशी उभं राहून जे सांगितलं तेच खरं. आपले बाबा गेले तेव्हा तू उशिरा आलीस, आणि तू दारात दिसताच आई मला सोडून तुझ्या गळ्यात पडली. सात महिने त्यांचं मी केलं होतं. सगळ्यांच्या देखत मी तुला म्हणाले, 'पाहुणीसारखी आलीस, पाहुणीसारखीच जा.' तू गेलीस. ते बोलणं मी परत घेतलं नाही, आणि या वेळी तुला येऊच दिलं नाही.

आई रोज संध्याकाळी विचारायची. मी कामावरून यायचे, नर्सबाईंनी सकाळी केलेली चादर पुन्हा नीट करायचे, तेव्हा. "ठमीला लागला का फोन?"

"नाही लागत आई."

"उद्या लाव."

रोज. एक दिवस चुकला नाही. चिडली नाही, रडली नाही, नुसतं 'उद्या लाव'. शेवटच्या आठवड्यात तिचा आवाज गेला होता, तेव्हा ओठ हलवून म्हणायची. मला वाटायचं, बिचारीला दिवसांचं भान राहिलेलं नाही, काल काय बोललो ते आठवत नाही. तेवढंच माझं सोपं व्हायचं.

गेली त्या सकाळीही मी लगेच फोन केला नाही. दोन तास खुर्चीवर बसले होते. मुकादम खाली होता. मग शेजारच्यांना हाक मारली.

हे वाचून तू काय करशील ते कर. मला माफ कर असं मी लिहिणार होते, पण ते लिहिलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. त्यापेक्षा नको.

सुट्टी संपली. साहेब काचेतून बघतायत.

ताई

रविवार, ६ एप्रिल

ठमे,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. एकच पान. मी ते ओट्यापाशी उभी राहून वाचलं, मग बसून वाचलं, मग घडी घालून डब्याच्या पिशवीत टाकलं आणि लॅबमध्ये गेले.

तू लिहिलंस की आईने तुला तीनदा फोन केला होता. नर्सबाईंच्या मोबाईलवरून, सकाळी अंघोळ झाल्यावर, मी कामावर गेल्यानंतर. तुला नोव्हेंबरपासून सगळं ठाऊक होतं. तू लगेच निघते म्हणालीस आणि आईने तुला थांबवलं. 'ताईने बोलावलं की ये,' असं ती म्हणाली. 'मी बोलावून आलीस तर मी असेपर्यंतच येशील-जाशील. मी गेल्यावर दोघी एकमेकींचं तोंड बघणार नाही. तिला बोलवू दे. ती बोलवेल. रोज सांगते मी तिला.'

तर आईला माहीत होतं. मोबाईल कपाटात आहे हेही बहुतेक माहीत होतं. मी 'नाही लागत' म्हणायचे तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत असायची, आणि मी चादरीच्या कोपऱ्याकडे.

त्या दिवशी मी एका बाईंच्या कवळीत वरचे दात खाली आणि खालचे वर बसवले. बावीस वर्षांत असं झालेलं नाही. साहेबांनी ती हातात धरून उघडझाप केली, म्हणाले, "ही बाई हसली तर लोक पळून जातील," आणि मला घरी पाठवलं. घरी येऊन मी आईच्या खोलीत गेले. बेड होता तिथली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ आहे. मी त्या उजळ भागावर बसले. अंधार पडेपर्यंत तिथेच होते. मी काय केलं ते तुला सांगायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी डोळे उघडत नव्हते, एवढं सांगते.

शुक्रवारी बसड्रायव्हरचा फोन आला.

"तुमचं मांजर घेऊन जा बाई."

"का? काय केलं त्याने?"

"त्याने काही नाही. भाऊ आलाय." मागे कुणीतरी तोफ उडावी तसं शिंकलं. "ऐकलंत? त्याला मांजराचं वावडं आहे. चार दिवस झाले, डोळे सुजलेत, नाक वाहतंय, पण बाबांच्या खोलीतून हलत नाही. म्हणतो, राहू दे मांजर, मी शिंकेन. मी म्हटलं, बाबांच्या तोंडावर शिंकतोस, चांगलं दिसतं का?"

"म्हणजे फोन केलात तुम्ही."

"तुम्ही गेल्यावर दहा दिवस नाही केला," तो म्हणाला. "मग केला. आल्या आल्या शिकवायला लागलाच. उशी अशी ठेव, गोळी तशी दे. पण आता त्याची पाळी असते तेव्हा मी झोपतो."

काल जाऊन मुकादमला घेऊन आले. भावानेच त्याला टोपलीत घातलं, नाकाला रुमाल बांधून. म्हाताऱ्यांचा डावा हात हवेत तसाच राहिला. मला वाटलं, आता कठडा हलवतील. पण ते मांजराकडे बघत होते आणि हळूच म्हणाले, "चला." या वेळी कुणी अर्थ सांगायची गरज नव्हती.

बसमध्ये अडीच तास मुकादमने गळा काढला. जाताना गपचूप व्हॅनमधून गेलेला हा, येताना अख्ख्या बसला ऐकवत होता. एका बाईंनी विचारलं, "कुणाचं एवढं लाडकं?" मी म्हटलं, आईचं. मग म्हटलं, आता माझं. घरी सोडल्यावर तो सरळ आईच्या खोलीत गेला. बेड नव्हता. खोलीभर फिरला, फरशी हुंगली, बाहेर आला आणि माझ्या मांडीवर नाही, पण माझ्या खुर्चीखाली बसला. अजून तिथेच आहे. मी खुर्ची मागे सरकवत नाहीये.

आता तुझ्या पत्राबद्दल. ठमे, मला तुझाही राग आला आहे. तुला ठाऊक होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तू फोनशी बसून राहिलीस, ताई कधी वाकते ते बघत. आईने सांगितलं म्हणून थांबलीस हे अर्धंच आहे. उरलेलं तुलाही कळतं, नाहीतर तू एकाच पानावर थांबली नसतीस. हे लिहायचा मला अधिकार नाही. तरी लिहिलं. मोबाईलच्या कबुलीनंतर मी तुला सांगितलेली ही दुसरी खरी गोष्ट असेल.

तू शेवटी लिहिलंस, 'अजूनही तू मला बोलावलेलं नाहीस, ताई.' ते खरं आहे. इतकी पत्रं लिहिली, मांजर हरवलं, सापडलं, सगळं कळवलं, तेवढं सोडून.

तर आता बोलावते. ये. बाबांच्या वेळचं, आईच्या वेळचं, जे काही तुझ्याकडे साठलं असेल ते घेऊन ये आणि माझ्यासमोर बसून मला बोल. माझ्याकडेही आहे. दोन दिवसांची रजा काढू नकोस, पुरणार नाही.

ताई